हरित इमारतींच्या क्षेत्रात काम मिळवायचं कसं : आयटीआयपासून आर्किटेक्चरपर्यंत सगळ्यांसाठी

हरित इमारत म्हटलं की डोळ्यांसमोर येतात गच्चीवरचे सोलर पॅनेल, भिंतीवर चढवलेल्या वेली आणि लॉबीत लावलेली रेटिंगची पाटी. ती पाटी मिळवून देणारी कन्सल्टंट मंडळी एका प्रकल्पावर मोजकीच असतात. पण ती इमारत खरंच कमी वीज खाते का, सांडपाणी शुद्ध होऊन फ्लशच्या टाकीत पोहोचतं का, पश्चिमेच्या खोल्या मे महिन्यात राहण्याजोग्या असतात का, हे घडवून आणायला आणि पुढे वर्षानुवर्षं टिकवायला खूप माणसं लागतात. वायरमन, प्लंबर, एसीचा मेकॅनिक, साइट इंजिनिअर, एनर्जी ऑडिटर, आर्किटेक्ट, पर्यावरणशास्त्राचा पदवीधर, सगळेच. या क्षेत्रात येऊ पाहणारे बहुतेक जण मात्र सुरुवात उलट्या टोकाकडून करतात. आधी प्रमाणपत्राची परीक्षा देतात आणि मग काम शोधतात. माझं सांगणं असं की आधी मोजायला शिका, एखादा विषय घट्ट पकडा आणि प्रमाणपत्राकडे त्यानंतर वळा.

आधी हे काम येतं कुठून ते समजून घ्या

पर्यावरणाची आस्था असलेले बिल्डर आणि कंपन्या आहेत, पण नोकऱ्यांची मोठी संख्या नियमांतून येते. म्हणून कोणता नियम कुणाला काय करायला लावतो, हे माहीत असलेला उमेदवार मुलाखतीत लगेच उठून दिसतो.

ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा. त्याखाली २००२ मध्ये ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी, म्हणजे बीईई, सुरू झाली. फ्रिज-एसीवरचे तारे देणारी हीच संस्था. व्यावसायिक इमारतींसाठीची तिची संहिता, ईसीबीसी, २००७ मध्ये आली आणि २०१७ मध्ये सुधारली गेली. किमान १०० किलोवॅट जोडभार (जोडलेल्या सगळ्या उपकरणांचा एकूण भार) किंवा १२० केव्हीए करारमागणी (वीज कंपनीशी ठरलेली कमाल मागणी) असलेल्या इमारती तिच्या कक्षेत येतात. घरांसाठी २०१८ मध्ये ‘इको निवास संहिता’ आली. २०२२ च्या दुरुस्तीने कायद्याची व्याप्ती वाढवून निवासी इमारतींनाही त्यात आणलं. महाराष्ट्रात या कायद्याची अंमलबजावणी पाहणारी यंत्रणा म्हणजे महाऊर्जा, जिला सगळे ‘मेडा’ म्हणतात.

दुसरा झरा पर्यावरण मंजुरीचा. २००६ च्या ईआयए, म्हणजे पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या, अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त बांधकामाच्या प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते. मंजुरी मिळाली की अटी येतात, आणि त्या पाळल्याचे अहवाल दर सहा महिन्यांनी द्यावे लागतात. धूळ, आवाज, सांडपाणी, झाडं, कचरा, सगळ्याची नोंद ठेवायची. हे काम प्रकल्प संपेपर्यंत चालतं आणि त्यासाठी माणूस लागतोच.

तिसरी गोष्ट चटई क्षेत्राची, आणि बिल्डरच्या टेबलावर सगळ्यात वजन तिलाच असतं. मुंबई वगळता राज्यातल्या बहुतेक शहरांना लागू असलेल्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत, म्हणजे यूडीसीपीआरमध्ये, हरित रेटिंगसाठी मूळ एफएसआयवर (चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे भूखंडाच्या प्रमाणात किती बांधकाम करता येतं ते) वाढीव एफएसआय मिळतो. ग्रिहा आणि आयजीबीसी या रेटिंगच्या दोन पद्धती, त्यांची ओळख पायरी ४ मध्ये आहे. ग्रिहाचे तीन तारे किंवा आयजीबीसी सिल्व्हरला ३ टक्के, चार तारे किंवा गोल्डला ५ टक्के, पाच तारे किंवा प्लॅटिनमला ७ टक्के. मूळ एफएसआयनुसार १०,००० चौरस मीटर बांधकाम होत असेल तर ७ टक्के म्हणजे ७०० चौरस मीटर, मध्यम आकाराचे साधारण दहा फ्लॅट. कबूल केलेलं रेटिंग मिळालं नाही तर दंड आहे. त्यामुळे ‘आपल्याला प्लॅटिनम करून देईल असा माणूस बघा’ ही बिल्डरची मागणी खरीखुरी असते, आणि ती कुठून येते हे आता तुम्हाला ठाऊक आहे.

याशिवाय शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या नियमामुळे बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३ पासून आपला वीज, पाणी, कचरा आणि कार्बनचा हिशेब जाहीर करावा लागतो. तो गोळा करणारी माणसं त्यांच्या कार्यालयांत आणि कारखान्यांत हवी असतात. आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेचं लक्ष्य एक कोटी घरांच्या छपरांवर सौर वीज बसवण्याचं आहे. तीन किलोवॅटपर्यंतच्या घरगुती संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळतं, त्यामुळे तालुक्याच्या गावीही बसवणाऱ्याला काम आहे.

पायरी १ : आपला विषय ठरवा

‘मला ग्रीन बिल्डिंगमध्ये करिअर करायचंय’ या वाक्यावर कुणी नोकरी देत नाही. हवा, पाणी, वीज, भिंत की कागदपत्रं, यातलं एक निवडा. पुढे बाकीचं शिकालच.

आयटीआय झालेल्यांबद्दल आधी बोलतो, कारण हरित करिअरच्या बहुतेक चर्चांमध्ये त्यांचं नावही निघत नाही आणि प्रत्यक्ष साइटवर सगळ्यात जास्त गरज त्यांचीच असते. इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन असाल तर सौर संच हा सरळ रस्ता आहे. केंद्र सरकारचा ‘सूर्यमित्र’ हा प्रशिक्षणक्रम २०१५ पासून चालू आहे, आणि त्याच वर्षी स्थापन झालेली स्किल कौन्सिल फॉर ग्रीन जॉब्स सौर तंत्रज्ञापासून सांडपाणी प्रक्रियेपर्यंत अनेक कामांचे मानक अभ्यासक्रम ठरवते. पॅनेल बसवणं पटकन शिकता येतं. पण अर्थिंग, डीसी बाजूचं संरक्षण आणि इन्व्हर्टरमधला बिघाड ओळखणं ज्याला येतं त्याला कंपनी सोडत नाही.

एसी-रेफ्रिजरेशनचा ट्रेड केलेल्यांचे दिवस तर पुढेच आहेत. भारताने २०१९ मध्ये ‘कूलिंग अॅक्शन प्लॅन’ जाहीर केला, त्यात एक लाख सर्व्हिस तंत्रज्ञांच्या प्रशिक्षणाचं उद्दिष्ट होतं. आर-२२ हा जुना वायू हद्दपार होतो आहे आणि त्याच्या जागी आर-३२, आर-२९० येत आहेत. आर-२९० म्हणजे प्रोपेन, तो पेट घेतो. जुन्या सवयीने, गळती न तपासता, शेजारी ब्लो-लॅम्प पेटवून काम करणं इथे जिवावर बेतू शकतं. म्हणून प्रशिक्षित माणसाला भाव आहे, आणि तो रास्तच आहे.

प्लंबरने दुहेरी नळजोडणी शिकावी. पिण्या-धुण्याच्या पाण्याची एक लाइन आणि प्रक्रिया केलेल्या पाण्याची फ्लशसाठी दुसरी. या दोन लाइनी कुठे एकत्र झाल्या तर आख्खी सोसायटी आजारी पडेल, इतकं हे जबाबदारीचं काम आहे.

डिप्लोमा किंवा बी.ई. मेकॅनिकल-इलेक्ट्रिकल असाल तर एचव्हीएसी (इमारतीतली वातानुकूलन आणि हवा खेळवण्याची यंत्रणा) डिझाइन, एनर्जी ऑडिट आणि कमिशनिंग हे तीन मार्ग. कमिशनिंग म्हणजे बसवलेली यंत्रणा डिझाइनप्रमाणे चालते का हे प्रत्येक उपकरणाशी उभं राहून तपासणं. हे काम करणारी जाणती माणसं फार थोडी आहेत. सिव्हिलवाल्यांसाठी साहित्य, राडारोडा व्यवस्थापन, पर्जन्यजल आणि साइटवरची नोंदवही. आर्किटेक्टसाठी भिंत-काच-सावलीचं गणित आणि सिम्युलेशन, म्हणजे इमारत कशी वागेल याचा संगणकावर काढलेला अंदाज. पर्यावरणशास्त्र किंवा रसायनशास्त्राच्या पदवीधरांना पर्यावरण मंजुरी, एसटीपीचं (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या संयंत्राचं) पाणी तपासणं आणि अटींच्या पूर्ततेचे अहवाल. बी.कॉम. झालेल्या मुलामुलींनीही कंपन्यांच्या शाश्वतता-अहवालाकडे बघावं. त्यात बिलं जुळवणं, आकडे तपासणं, पुरावे लावणं हेच मुख्य काम असतं.

पायरी २ : घरापासून मोजायला सुरुवात करा

याला पैसे लागत नाहीत आणि याच्याइतकं शिकवणारं दुसरं काही नाही.

वीज : बारा महिन्यांची बिलं काढा, युनिटांची बेरीज करा आणि घराच्या चौरस मीटरमधल्या क्षेत्रफळाने भागा. महिन्याला सरासरी १५० युनिट आणि घर ६० चौरस मीटर, तर वर्षाचे १८०० भागिले ६० म्हणजे ३०. हा तुमच्या घराचा ऊर्जा वापर निर्देशांक, ईपीआय. कार्यालयांच्या इमारतींना बीईई तारे देते तेही याच आकड्यावरून. मग शेजाऱ्याचा काढा, वरच्या मजल्याचा काढा. गच्चीखालच्या घराचा आकडा जास्त आला तर का, ते शोधा.

पाणी : दहा लिटरची बादली नळाखाली ठेवून भरायला किती सेकंद लागतात ते पाहा. मग नळाला एरेटर (पाण्यात हवा मिसळणारी जाळी) लावून परत मोजा. नॅशनल बिल्डिंग कोड माणशी दिवसाला १३५ लिटर धरतो, त्यातले ४५ लिटर फ्लशचे. म्हणजे एकतृतीयांश पाणी पिण्याच्या दर्जाचं असण्याची गरजच नाही. १०० फ्लॅट, प्रत्येकी चार माणसं धरली तर रोजचे १८,००० लिटर होतात, १०,००० लिटरचे जवळजवळ दोन टँकर. उन्हाळ्यात टँकरवर जगणाऱ्या सोसायटीच्या सभेत हा आकडा मांडून बघा, लोक कान टवकारतात.

पाऊस : १०० चौरस मीटर गच्ची, पुण्यासारखा वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस आणि ८० टक्के पाणी हाती लागतं असं धरलं तर ५६,००० लिटर. चार जणांच्या घराची ही शंभर दिवसांची गरज आहे. अपार्टमेंटमध्ये एकाच गच्चीखाली अनेक घरं असतात, म्हणून वाट्याला येणारं पाणी कमी होतं. हा फरक तुम्ही स्वतः मांडला की विषय तुमचा झाला.

उष्णता : एक साधं इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या. एप्रिलमध्ये दुपारी पाच वाजता पश्चिमेच्या भिंतीचं आतलं तापमान आणि उत्तरेच्या भिंतीचं तापमान टिपा. रात्री नऊला परत टिपा. भिंत दिवसा घेतलेली उष्णता रात्री खोलीत सोडते, हे पाठ्यपुस्तकात वाचणं वेगळं आणि हातातल्या आकड्यात बघणं वेगळं. काळ्या दगडाचे जाड भिंतींचे वाडे दुपारी थंड का राहतात, आणि सहा इंची भिंतीचा फ्लॅट संध्याकाळी का तापतो, याचं उत्तर तिथेच मिळतं.

इथे हवामानाचं भान ठेवा. ईसीबीसी देशाचे पाच हवामान विभाग करते. नागपूर संमिश्र विभागात, मुंबई उष्ण-दमट, सोलापूर उष्ण-कोरड्या. नागपूरला मे महिन्यात कुलर छान चालतो, कारण कोरड्या हवेत पाणी उडतं आणि हवा गार होते. तोच कुलर रत्नागिरीत फक्त चिकचिक वाढवतो. कोकणात वारा खेळता ठेवणं आणि छपराखाली सावली धरणं महत्त्वाचं. एका शहरातला उपाय दुसऱ्या शहरात डोळे झाकून उचलणारे सल्लागार या क्षेत्रात आहेत. तुम्ही तसे होऊ नका.

पायरी ३ : संहिता मुळातून वाचा

सुरुवात इको निवास संहितेपासून करा. बीईईच्या संकेतस्थळावर ती फुकट आहे आणि वाचायला आटोपशीर आहे. त्यातली मध्यवर्ती कल्पना आरईटीव्ही. छप्पर सोडून इमारतीच्या बाह्य आवरणातून, म्हणजे भिंती आणि काचांतून, किती उष्णता आत येते त्याचं माप. २०१८ च्या संहितेत त्याची कमाल मर्यादा १५ वॅट प्रति चौरस मीटर ठेवली आहे. आपल्याच घराचा आराखडा घ्या, खिडक्या मोजा आणि हा आकडा काढा. एएसी ब्लॉक (हलका, सच्छिद्र काँक्रीटचा ब्लॉक) आणि भाजलेली वीट यात काय फरक पडतो, खिडकीवर छज्जा वाढवला तर आकडा किती उतरतो, ते करून पाहा.

मग ईसीबीसी, आणि नॅशनल बिल्डिंग कोड २०१६ चा अकरावा भाग. तो शाश्वततेवर आहे.

पायरी ४ : प्रमाणपत्रं, पण नीट निवडून

रेटिंगच्या पद्धती अनेक आहेत आणि नवख्याचा इथे गोंधळ होतो. अमेरिकेतून आलेलं लीड. सीआयआयच्या छत्राखाली २००१ मध्ये सुरू झालेली, हैदराबादहून चालणारी आयजीबीसी. दिल्लीची संशोधन संस्था टेरी आणि केंद्राच्या अक्षय ऊर्जा मंत्रालयाने मिळून आणलेली ग्रिहा. आणि जागतिक बँक समूहातल्या आयएफसीची एज, जिच्यात वीज, पाणी आणि साहित्यातली ऊर्जा या तिन्हींत किमान २० टक्के बचत दाखवावी लागते.

कोणती घ्यायची? माझा सल्ला गिऱ्हाईक पाहून ठरवण्याचा. पुण्या-मुंबईच्या निवासी बिल्डरांकडे काम करायचं असेल तर आयजीबीसी एपी (अॅक्रेडिटेड प्रोफेशनल). सरकारी इमारती आणि सार्वजनिक कामं असतील तर ग्रिहा. बहुराष्ट्रीय कंपन्यांची कार्यालयं, आयटी पार्क किंवा परदेश डोक्यात असेल तर लीड. लीडची पहिली पायरी ‘ग्रीन असोसिएट’ अनुभवाशिवाय देता येते. दोन तासांत १०० प्रश्न, आणि उत्तीर्ण व्हायला २०० पैकी १७० गुण. गुणमापन १२५ पासून सुरू होतं. शुल्क डॉलरमध्ये असल्यामुळे पहिल्या नोकरीआधी ते भरायची घाई करू नका. बऱ्याच कंपन्या रुजू झाल्यावर ते स्वतः भरतात.

इंजिनिअरांसाठी मात्र एक परीक्षा मी सगळ्यांच्या वर ठेवतो : बीईईची एनर्जी मॅनेजर आणि एनर्जी ऑडिटर. मॅनेजरला तीन पेपर, ऑडिटरला चार. पदवीधर इंजिनिअरला तीन वर्षांचा आणि डिप्लोमाधारकाला सहा वर्षांचा अनुभव लागतो, म्हणजे नोकरीच्या सुरुवातीलाच तिचा बेत आखता येतो. बॉयलर, पंप, कॉम्प्रेसर, मोटर यांचं तपशीलवार गणित करावं लागतं. कायद्यातच तिला स्थान आहे, त्यामुळे रेटिंगच्या लाटा आल्या-गेल्या तरी तिची किंमत टिकते.

‘तीन महिन्यांत हमखास ग्रीन नोकरी’ म्हणणाऱ्या महागड्या क्लासपासून लांब राहा.

पायरी ५ : सॉफ्टवेअर

पहिलं एक्सेल. मनापासून सांगतो, एक्सेल पक्कं नसेल तर बाकी सगळं व्यर्थ आहे. नंतर ऑटोकॅड किंवा रेव्हिट. ऊर्जेच्या सिम्युलेशनसाठी एनर्जीप्लस, ओपनस्टुडिओ आणि ई-क्वेस्ट फुकट मिळतात, प्रकाशयोजनेसाठी डायलक्सही फुकट. डिझाइनबिल्डर आणि आयईएस विकतची आहेत, ती ऑफिसात शिकता येतील. ज्या क्लासमध्ये अजून इकोटेक्ट शिकवतात तिथे पैसे घालू नका. ऑटोडेस्कने २०१५ मध्येच त्याची विक्री थांबवली.

सिम्युलेशनचा निकाल छान रंगीत दिसतो, पण त्यात घातलेले आकडे चुकले तर निकालही चुकतो. पायरी २ केलेल्या माणसाला ‘हा आकडा असा येऊच शकत नाही’ हे लगेच खटकतं.

पायरी ६ : कामाची फाइल तयार करा

दोन पानी बायोडेटापेक्षा दहा पानांची एक फाइल जास्त बोलते. त्यात तुमच्या सोसायटीचं किंवा कॉलेजच्या एका इमारतीचं वीज-पाणी ऑडिट असावं : काय मोजलं, कोणत्या उपकरणाने, काय आढळलं, तीन उपाय, प्रत्येकाचा खर्च आणि किती महिन्यांत तो वसूल होईल. उपाय प्रत्यक्ष झाला असेल तर आधीचं आणि नंतरचं बिल जोडा. गावाकडे असाल तर ग्रामपंचायतीचं कार्यालय, शाळा किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र घ्या.

विद्यार्थी असाल तर ‘सोलर डेकॅथलॉन इंडिया’ ही स्पर्धा बघा. त्यात खऱ्या प्रकल्पांसाठी निव्वळ-शून्य ऊर्जेच्या, म्हणजे वर्षभरात वापरतील तेवढी ऊर्जा निर्माण करणाऱ्या, इमारतींची डिझाइनं करावी लागतात. आयआयटी मुंबईच्या ‘टीम शून्य’ने २०१४ मध्ये फ्रान्समधल्या व्हर्साय येथे सोलर डेकॅथलॉन युरोपमध्ये सौर घर उभारलं होतं. पुढे शिकायचं असेल तर अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाचं इमारत-ऊर्जा विषयातलं काम देशात आघाडीवर आहे, आणि पुण्यातल्या भानुबेन नानावटी आर्किटेक्चर महाविद्यालयात पर्यावरणीय वास्तुकलेचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. इश्रे या एसी-अभियंत्यांच्या संस्थेच्या शाखा आणि विद्यार्थी शाखा आहेत. तिथल्या संध्याकाळच्या व्याख्यानांना जात राहा, कारण कामाच्या ओळखी तिथे होतात.

पुण्यात असाल तर हडपसरचं सुझलॉनचं ‘वन अर्थ’ संकुल अभ्यासा. आर्किटेक्ट ख्रिस्तोफर बेनिंजर यांच्या या कामाला लीड प्लॅटिनम आणि ग्रिहाचे पाच तारे दोन्ही मिळाले. दिल्लीचं इंदिरा पर्यावरण भवनही तसंच. ९३० किलोवॅटचा सौर संच छपरावर आहे, पण आधी विजेची गरजच कमी केली म्हणून तो पुरतो. हा क्रम लक्षात ठेवा : आधी गरज कमी, मग यंत्र चांगलं, शेवटी सौर.

पायरी ७ : नोकरी शोधताना

‘ग्रीन’ हा शब्द टाकून शोधलं तर थोड्याच जागा दिसतात. सस्टेनेबिलिटी एक्झिक्युटिव्ह, एमईपी (मेकॅनिकल-इलेक्ट्रिकल-प्लंबिंग) इंजिनिअर, एनर्जी अॅनालिस्ट, कमिशनिंग इंजिनिअर, एन्व्हायर्नमेंट ऑफिसर, बीएमएस (इमारतीची यंत्रणा संगणकावरून चालवणारी प्रणाली) ऑपरेटर, एसटीपी ऑपरेटर, फसाड (इमारतीचं बाहेरचं आवरण) इंजिनिअर असं शोधा. फॅसिलिटी मॅनेजमेंट कंपन्या विसरू नका. मॉल, हॉस्पिटल, आयटी पार्क त्याच चालवतात आणि वीज जास्त लागली तर त्यांनाच उत्तर द्यावं लागतं.

एक गोष्ट मी अनेक ठिकाणी पाहिली आहे. रेटिंग मिळालेली सोसायटी, उत्तम एसटीपी बसवलेला, आणि ताबा मिळाल्यावर वर्षभरात तो बंद. विजेचं बिल वाढतं म्हणून ब्लोअर (टाकीत हवा सोडणारं यंत्र) बंद ठेवतात, जिवाणू मरतात, वास सुटतो, रहिवासी तक्रार करतात आणि सगळं पाणी थेट गटारात सोडलं जातं. मला याचं फार वाईट वाटतं, कारण यंत्रणा वाईट नसते, ती चालवायला शिकलेला माणूस नसतो. सूक्ष्मजीवशास्त्र किंवा रसायनशास्त्र शिकलेल्या कुणी चार-पाच सोसायट्यांचे एसटीपी सांभाळायचा करार घेतला तर नोकरी शोधायची गरजच पडणार नाही.

मुलाखतीत तुम्हीही प्रश्न विचारा. साइटवर किती दिवस जाता येईल? परीक्षेचं शुल्क कंपनी भरते का? इमारत वापरात आल्यावर तिचा डेटा आपल्याकडे येतो का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल तर पगार थोडा कमी असला तरी ती नोकरी घ्या.

परदेशाचं म्हणाल तर आखातात मराठी इंजिनिअर आधीपासूनच मोठ्या संख्येने आहेत. अबुधाबीत इस्तिदामाची पर्ल पद्धत, दुबईत अल सफात, कतारमध्ये जीसॅस अशा स्थानिक पद्धती चालतात. सिंगापूरला ग्रीन मार्क, ब्रिटनमध्ये ब्रीआम. भारतात दोन-तीन वर्षं कमिशनिंग किंवा सिम्युलेशन केलेल्याला यातली कोणतीही लवकर उमजते, कारण भिंतीतून येणारी उष्णता मोजायची रीत सगळीकडे एकच आहे.

पहिल्या वर्षी कागदपत्रांचं काम अंगावर येईल : साहित्याची पत्रं, बिलं, फोटो, चाचणी अहवाल. कंटाळवाणं आहे, पण त्यातूनच कुठल्या कारखान्याच्या ब्लॉकमध्ये किती राख, कोणत्या काचेतून किती उष्णता आत येते, कोणता पुरवठादार खरे आकडे देतो, हे कळतं. एक स्वतःची वही ठेवा आणि त्यात हे टिपत जा. आणि आठवड्यातून एक दिवस साइटवर घालवायची परवानगी नियुक्तीपत्रावर सही करायच्या आधीच मागून घ्या, नंतर ती मिळत नाही.